नऊशे टॉवेल

घरात आम्ही तेलुगूत भांडतो,
हिशेब मात्र मराठीत.
म्हणून चरणची जुनी भूगोलाची वही उलटी धरून
मागच्या पानावर मी लिहिलं :
खोपोलीकडचं पार्क. माणसं चार.

रात्रीची एसटी, जाऊन-येऊन.
भोसरीत सत्यमच्या घरी अंघोळ, फुकट.
त्याच्या बायकोला शेंगाचटणी अर्धा किलो, ती धरायची.
तिकिटं.
आत पाण्याची बाटली नेऊ देत नाहीत म्हणे,
म्हणजे पाणीही धरायचं.
पाचव्या दिवशी नळ येणाऱ्या सोलापूरला
पाण्याची किंमत कुणी शिकवू नये,
पण धरलं.

आणि मग तो पास.
माणशी नऊशे, तिकिटाच्या वर.
पास असला की वेगळं दार, वेगळी दोरी,
सत्तर मिनिटं ताटकळलेल्यांच्या शेजारून
सरळ पुढे.
'म्हणजे पैसे देऊन घुसायचं,' मी म्हटलं.
'घुसायचं नाही ओ पप्पा,' हर्षिता म्हणाली,
'पास असतो तो.'

भूलक्ष्मी मशीनवर होती.
टॉवेलच्या कडा दुमडते ती, डझनाला बारा रुपये,
म्हणजे टॉवेलला रुपया. हिशेबाला फार सोपी बाई.
नऊशे रुपये, नऊशे टॉवेल.
तासाला पंचवीस होतात, लाईट गेली नाही तर.
छत्तीस तास.
पासानं वाचणार किती? सहा खेळ, सहा तास.
एक तास विकत घ्यायला
सहा तास विकायचे.
मी पेन खाली ठेवलं.
जॅकार्डचे पुठ्ठे टोचताना एक भोक चुकलं
की चादरीवरच्या मोराची मान जाते,
ते मला लांबून कळतं.
इथं भोक कुठं चुकलंय ते सापडेना.

मग खोडायला घेतलं.
चरण : उंची कमी, मोठ्या खेळांना घेतच नाहीत. पास वाया.
मी : गड्ड्याच्या पाळण्यातसुद्धा
वरच्या टोकाला मला सगळे देव आठवतात.
तिथं होम मैदानात रांग नसतेच,
पाळणेवाल्याच्या हाताला ज्याचं मनगट लागेल तो आत.
खोडलं.
हर्षिता : 'एकटीला नको. पुढं जाऊन एकटीच काय ओरडू?'
खोडलं.

राहिली भूलक्ष्मी.
झोक्यावरही डोळे मिटणारी बाई,
तिच्या नावावर पेन टेकवलंच होतं,
मशीन थांबलं.
'माझा राहू द्या.'

'तू बसणार त्याच्यात?'
'नाही.'
'मग?'
दातानं दोरा तोडून ती म्हणाली,
'लग्नाआधी विड्यांची टोपली घेऊन कारखान्यात रांग.
नळाला रांग. रेशनला,
अंगठा उमटत नाही म्हणून दोन-दोनदा.
चरणच्या वेळी सिव्हिलमध्ये, पोट घेऊन, चिठ्ठीसाठी.
शेजारून कोण कोण पुढं गेलं, सगळं बघितलंय मी.
एकदा मला बघायचंय,
पुढून माणसं कशी दिसतात.
खेळ आला की सांगीन, नको दादा, भीती वाटते,
आणि पलीकडच्या दारानं येईन तुमच्याकडं.'

चरण हसला. हर्षिता हसली नाही.
मी लिहिलं : पास, एक.
बेरीज दोनदा केली, दोन्ही वेळा चाळीस कमी पडले.
शेंगाचटणी पाव किलो केली.

मशीन पुन्हा सुरू झालं.
थोड्या वेळानं, मान वर न करता, तिनं विचारलं,
'पण तुम्ही तिघं त्याच रांगेत असणार ना?
शेजारून जाताना हात करू, का नको?'
'कर की मम्मी,' हर्षिता म्हणाली,
'आम्ही ओळखच दाखवणार नाही.'

भूलक्ष्मीला हसू आवरेना.
शिलाई सरकली, एक कड वाकडी झाली,
आणि तो टॉवेल
तसाच डझनात गेला.